सोळा वर्षांच्या मुलीला बिनलायसन्सची ई-स्कूटर द्यावी का? (बजेट ६५ हजार)

वर्षा_नाशिक: लेक अकरावीला. गंगापूर रोडहून कॉलेज रोडला क्लास, जाऊन-येऊन सात किलोमीटर. दुकानदार म्हणतो, "ताई, हिला लायसन्स नको, पासिंग नको, बिनधास्त न्या." ६५ हजारांच्या वर एक रुपया नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रस्त्यावर खरंच चालते का?

चक्रधर७७: मी दीड लाखाची घेतली. मक्खन! अजून थोडे घाला, खेळणं कशाला घेता?

वर्षा_नाशिक: दादा, ६५.

सातपूरकर: चालते. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर कायद्याने ती मोटार वाहनच नाही. पण ब्रोशरवर जाऊ नका, एआरएआय किंवा आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट दाखवायला सांगा.

बाप_माणूस: माझ्या पोराने दुकानातच एक वायर काढून घेतली, गाडी ४५ ला पळायला लागली. मला पत्ताच नाही. पोलिसाने थांबवलं तेव्हा कळलं, आता ही बिनापासिंगची, बिनाविम्याची मोटार. घाम फुटला.

सातपूरकर: तेच तर. मग अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ. पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

चक्रधर७७: सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लायसन्स मिळतं की! ते काढा आणि मोठी घ्या.

सातपूरकर: ते ५० सीसीपर्यंतचं. तुमच्या दीड लाखाच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात.

मिरचीभजी: गाड्या पेटतात, ते कोणी बोलत नाही.

चक्रधर७७: तो २०२२ चा उन्हाळा होता. नंतर एआयएस-१५६ या मानकातले बॅटरीचे नियम कडक झाले. माझी रात्रभर चार्जिंगला असते.

मिरचीभजी: जिन्याखाली लावत असाल तर तुमच्या शेजाऱ्यांना नमस्कार.

नलूमावशी: बाळ, आवाज येत नाही हाच धोका. आमच्या गल्लीत मी भाजीची पिशवी घेऊन वळले आणि एक मुलगा अगदी कोपराला घासून गेला. टोमॅटो गटारात. मुलीला सांग, वळणावर हॉर्न दे. नाहीतर सरळ सायकल घे.

बाप_माणूस: +१ सायकल. आणि हेल्मेट.

मिरचीभजी: २५ च्या गाडीला कसलं हेल्मेट?

बाप_माणूस: खडीवर घसरून बघा एकदा. आयएसआय छापाचंच घ्या, फुटपाथवरचं टोपलं नको.

चक्रधर७७: मुळात अठरापर्यंत थांबा, मग माझं मॉडेल घ्या.

वर्षा_नाशिक: घेतली, तीच बिनलायसन्सची, ५८ हजारांत. सर्टिफिकेट बघितलं, "वेगात फेरफार केलेला नाही" असं बिलावर लिहून घेतलं, उरलेल्यातून हेल्मेट. बॅटरी निघते. दहा किलोचं धूड लेकच तीन जिने चढवते. तिची एकच तक्रार, सायकलवाले पुढे जातात. जाऊ देत.

चक्रधर७७: पस्तावाल. रेंज किती देते?