शब्दचर्चा: जलवाहिनी झाडातली की ठिबकची?

संत्र्याची_सून: एका शब्दावर अडली आहे. काटोलकडे आमची संत्र्याची बाग, मी नागपूरला राहून डिंक्या रोगावरचं एक इंग्रजी माहितीपत्रक घरच्यांसाठी मराठीत करून राहिली. शाळेत शिकलो तसं झायलेमला, म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांना, जलवाहिनी अन् फ्लोएमला, म्हणजे पानातलं अन्न नेणाऱ्या नळ्यांना, रसवाहिनी लिहिलं. 'रसवाहिन्या बाधित होतात' वाचून मामाजी म्हणाले, हो, यंदा फळात रस कमीच भरून राहिला. अन् जलवाहिनी वाचून ठिबकची मेन लाईन उघडली, फिल्टर धुतला. खोडाकडे कोणी पाहिलंच नाही, डिंक तिथं गळत होता. चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. दुसरा शब्द आहे का कोणाजवळ?

धंतोलीकर: जलवाहिनी पेपरवाल्यांनी नेली ना ताई. 'जलवाहिनी फुटली' वाचत वाचत मोठे झालेले लोक आपण, पाईपच समजणार. विश्वकोशात प्रकाष्ठ अन् परिकाष्ठ आहेत, तेच लिहा. नेगेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये मूळ दोन्ही शब्द ग्रीकवरून पाडले, झायलॉन म्हणजे लाकूड, फ्लोइओस म्हणजे साल. काष्ठ किती नेमका बसला पाहा, अन् परि म्हणजे त्याच्या भोवती. आपण वापरत नाही म्हणून असे शब्द मरतात.

बॉटनीच्या_मॅडम: शब्द सुंदर आहेत, पण एका अक्षराचा फरक, मुलं उलटे लिहितात. मी वर्गात झायलेम-फ्लोएमच म्हणते. शेतकरी थ्रिप्स म्हणतो, ड्रिप म्हणतो, झायलेमनं काय बिघडते?

धंतोलीकर: मॅडम, ड्रिप डोळ्यानं दिसते, झायलेम दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचं नाव तरी बोलकं पाहिजे.

आजोबांचा_नातू: आमच्या आजोबांनी धुऱ्यावरच्या बाभळीची साल गोल सोलून काढली होती, झाड मारायचं होतं म्हणून. मी रोज पाहायला जायचो, पानं कितीतरी दिवस हिरवीगारच. आजोबा म्हणाले, पाणी लाकडातून चढते रे, ते कुठं तोडलं, सालीतून खायला उतरते ते तोडलं, आता मुळं उपाशी मरतील. अन् तसंच झालं, पुढं झाड वाळलंच, सोललेल्याच्या वरच्या काठाला साल फुगून आली होती. ते शाळेत गेले नव्हते. डिंक्यात तेच होते ना ताई, साल सडते अन् मुळं उपाशी राहतात.

बॉटनीच्या_मॅडम: अगदी बरोबर. फक्त 'चढते' पेक्षा 'ओढलं जाते' म्हणा. पानातून वाफ उडते तसं वरून पाणी खेचलं जाते, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात म्हणून धार तुटत नाही. झायलेमच्या नळ्या तर मेलेल्या पेशींच्या असतात, त्या काय ढकलणार.

धंतोलीकर: मग त्या नळीतलं पाणी ताणलेलं असते, म्हणजे बागाईतदार आंबिया बहाराच्या फुलांसाठी पाणी तोडून झाडाला जो 'ताण देतो' तो शब्द शास्त्रानंही खरा झाला! पाणी तोडलं की आतली ओढ वाढते. तन् धातू, संस्कृत, इंग्रजी स्ट्रेसचा तर्जुमा बिलकुल नाही.

आजोबांचा_नातू: आमच्याकडे ताण म्हणजे पाणी बंद, बस. धातू मागून जोडला तुम्ही.

धंतोलीकर: नाही भाऊ, 'ताण बसला' म्हणतात ना, पानं मलूल होतात तेव्हा. तो झाडाला बसतो, पाण्याच्या पाळीला नाही.

विदर्भकन्या: तसं तर मुळात पाणी शिरते त्या ऑस्मॉसिसला विश्वकोश तर्षण म्हणतो, तर्ष म्हणजे तहान. मूळ तहानलेलं आहे असं ऐकताच कळते. पाठ्यपुस्तकातलं परासरण माझ्या पोराला पाठ आहे, समजलं नाही.

बॉटनीच्या_मॅडम: तहान म्हटलं की मूळ मुद्दाम पिते असं वाटते. परासरणच बरं.

विदर्भकन्या: आपण 'झाड पाणी पिते' म्हणतोच ना मॅडम, त्यानं कोणाचं शास्त्र बिघडलं?

संत्र्याची_सून: माझं पत्रक उद्या छापायला जाते हो. 'लाकडातून पाणी वर, सालीतून अन्न खाली' असंच लिहून टाकू का?

बॉटनीच्या_मॅडम: 'खाली' नका लिहू. सालीतलं अन्न वरच्या शेंड्याकडे अन् फळाकडेही जाते, संत्र्यात साखर तिथूनच येते.

आजोबांचा_नातू: मग मामाजी रस म्हणाले ते पूर्ण चूक नव्हते ना!