आजोबांची जुनी रॅले सायकल घरीच नीट करायचीये, मदत करा

सायकलवेडी: माळ्यावर आजोबांची रॅले सापडली, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, २८ इंची चाकं, रॉड ब्रेक (तारेऐवजी दांड्यांनी लागणारे), मागे स्टर्मी आर्चर कंपनीचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. क्रोम गंजलंय, पायडल जाम. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला नवा रंग) करून घेऊ का? आणि साल कसं कळेल?

रानवारा: पावडर कोटिंग अजिबात नको!! मूळ काळा रंग आणि सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्या, त्यातच तर सगळी शान आहे. रॉकेलच्या फडक्याने मळ काढ, क्रोमवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने घास, रंगाला मात्र लावू नको. साल बहुतेक वेळा हबवरच कोरलेलं असतं, नीट पुसून बघ.

जुना_पाना: क्रँक (पायडलचा दांडा) काढताना तो अक्षाला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनवर नुसता हातोडा घालू नका हां, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेका द्या, नाहीतर पिन वाकते आणि छर्ऱ्यांच्या वाटीत खड्डे पडतात. वाटी बदलायची झाली तर जुन्या रॅलेचे आटे इंचाला २६ असतात, बाकी बहुतेक कंपन्यांचे २४, त्यामुळे दुकानातली साधी वाटी बसणार नाही, जुनीच जपा.

सायकलवेडी: बरं झालं विचारलं! टायर?

रानवारा: २८ बाय दीड, अजून मिळतात.