मदत हवी आहे : जुन्या व्हिडिओ गेमवरच्या ॲनिमेशन मालिकांतले कोणते भाग मुलांना दाखवावेत?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात राजारामपुरी भागातल्या एका वाचनालयाच्या बालविभागाचे काम मी पाहते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही एक उपक्रम ठरवत आहोत. मुलांनी आधी एखादा जुना गेम स्वतः खेळायचा, मग त्यावर निघालेल्या ॲनिमेशन मालिकेचा एक भाग पाहायचा आणि ज्या खेळाला गोष्टच नव्हती त्याची गोष्ट लेखकांनी कशी रचली, यावर बोलायचे, असे त्याचे स्वरूप आहे. यासाठी भाग निवडायला जाणकारांची मदत हवी आहे.

निवडीची माझी कसोटी एकच आहे : खेळाचा नियम कथेत उतरला पाहिजे. ‘पॅक-मॅन’चे उदाहरण घेऊ. १९८० सालच्या या गेममध्ये चक्रव्यूह, ठिपके आणि पाठीमागे लागलेली चार भुते एवढेच आहे, आणि मोठी गोळी खाल्ली की थोडा वेळ भुतांनाच पळावे लागते. हॅना-बार्बेरा या अमेरिकी ॲनिमेशन कंपनीने १९८२ मध्ये त्यावर मालिका केली. त्या मालिकेत या गोळ्या एका जंगलात उगवतात आणि मेझमॅरॉन नावाचा खलनायक त्या जंगलाच्या शोधात भुतांना पाठवत राहतो. खेळात जी केवळ सोय होती, ती इथे भांडणाचे मूळ ठरली. मुलांना हे एकदा दाखवले की पुढचे ती आपणहून ओळखतील, असा मला विश्वास वाटतो.

याउलट १९८३ च्या ‘सॅटर्डे सुपरकेड’मध्ये रस्ता आणि नदी ओलांडणारा ‘फ्रॉगर’ चक्क वार्ताहर झाला आहे. बेडूक तेवढा राहिला आणि खेळ निघून गेला. मला ही पद्धत पटत नाही, मात्र तुलनेसाठी असा एखादा भाग जरूर हवा आहे.

सर्वांत जास्त वेळ मला ‘सॉनिक’वर द्यायचा आहे. १९९१ च्या मूळ गेममध्ये सॉनिकने यंत्र फोडले की आत कोंडलेला छोटा प्राणी सुटून पळतो. खेळताना आपण तिकडे फारसे लक्षही देत नाही, पण १९९३ मध्ये सुरू झालेल्या दोन मालिकांपैकी गंभीर मालिकेने नेमका हाच धागा उचलला. तिथे रोबॉटनिक या खलनायकाने अख्खे शहर बळकावून रहिवाशांना यंत्रे केले आहे, खुद्द सॉनिकचा काका त्यातून सुटलेला नाही, आणि जंगलात दडलेले मोजके साथीदार त्याच्या राजवटीशी लढत आहेत. ही मालिका २६ भागांनंतर थांबली आणि कथा अर्धवट राहिली, म्हणून स्वतंत्रपणे समजेल असा भाग निवडणे मला अवघड जात आहे. त्याच वर्षीच्या विनोदी मालिकेतला एखादा भाग जोडीला दाखवला, तर एकाच खेळातून दोन अगदी वेगळ्या गोष्टी कशा निघतात हेही दिसेल. या दोन्हींमधून आपण कोणते भाग सुचवाल?

‘मारिओ’ मात्र आमच्याकडे पालकांनाही ओळखीचा आहे, कारण नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटवर त्यांच्यातल्या अनेकांनी तो खेळला आहे. १९८९ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स सुपर शो’मध्ये गेमचे संगीत आणि मारिओला आगीचे गोळे फेकण्याची शक्ती देणारे आगीचे फूल आहे, पण त्यातले बरेच भाग प्रसिद्ध पाश्चात्त्य चित्रपटांच्या आणि कथांच्या विडंबनावर उभे आहेत. मूळ कलाकृती माहीत नसेल, तर त्यातली गंमत मुलांपर्यंत पोहोचत नाही. अशा संदर्भांशिवायही रंगणारे भाग कोणते?

‘कॅसलव्हेनिया’ची २०१७ पासूनची मालिका मी विचारपूर्वक वगळली आहे. १९८९ च्या गेमवरून केलेले ते रूपांतर मला फार आवडते, परंतु त्यातली हिंसा प्रौढांसाठीच आहे. ॲनिमेशन म्हणजे मुलांचेच, असे समजून काही पालक ती घरी लावून देतात, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

आणखी दोन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. आमची बहुतेक मुले मराठी माध्यमातली आहेत. यांपैकी कोणत्या मालिकेचे हिंदी किंवा मराठी ध्वनिमुद्रण अधिकृतपणे उपलब्ध आहे का? नसल्यास मी मधेमधे भाग थांबवून प्रसंग मराठीत सांगेन, त्यामुळे संवादांपेक्षा कृतीवर चालणारे भाग सुचवलेत तर अधिक बरे होईल. दुसरी बाब परवानगीची आहे. प्रवेश विनामूल्य असला तरी वाचनालयाच्या सभागृहात पडद्यावर भाग दाखवण्यापूर्वी हक्कधारकांची लेखी संमती घेणे मला आवश्यक वाटते. आपल्यापैकी कोणी शाळेसाठी किंवा ग्रंथालयासाठी अशी संमती मिळवली असेल, तर पत्र कोणाला लिहिले आणि त्यात काय नमूद केले ते कृपया सांगावे. त्या पत्राचा मसुदा मला कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडायचा आहे.