आमच्या तळीतल्या पाणपिसवा उन्हाळा लागताच कुठे गेल्या?

भुदरगडकर:
रानातल्या आमच्या तळीला प्लास्टिकचा कागद नाही, मासेही सोडलेले नाहीत. दिवाळीत पाणी हिरवंगार होतं, संक्रांतीला तळ दिसावा इतकं नितळ, आणि तांब्याभर पाण्यात शेकडो पाणपिसवा टुणटुण उड्या मारत होत्या. आता शिमगा झाला. पाणी गुडघ्याखाली गेलंय, पिसवा जवळजवळ संपल्या, उरल्यात त्या लालसर दिसतात. काठाला काळपट ठिपक्यांचा थर लागलाय. रोग पडला का? मे महिन्यात जेसीबीनं गाळ काढून शेतात टाकणार आहोत. त्या परत येतील ना?

तळ्याकाठची:
रोग नाही, दादा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला डॅफ्नियाइतका, म्हणजे तुमच्या पाणपिसवेइतका, सुंदर जीव नाही. पारदर्शक कवचातून धडधडणारं हृदय आणि पाठीवरच्या पोकळीतली पिल्लं सरळ दिसतात.

खाणं भरपूर असतं तोवर जवळपास सगळ्या माद्याच असतात. नराशिवायच त्यांना पिल्लं होतात, दर दोन-तीन दिवसांनी नवी वीण, आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही वितात. तुमचं हिरवं पाणी त्यांनीच गाळून नितळ केलं. मग शेवाळ संपलं, पाणी आटून गर्दी झाली. अशा वेळी माद्या नरही जन्माला घालतात. नराशी संयोग झाला की वेगळी अंडी तयार होतात, डॅफ्नियात दोन-दोन, काळ्या चिवट कवचात. काठावरचे ठिपके बहुधा तीच. लाली हिमोग्लोबिनची, पाण्यातला ऑक्सिजन घटला की ते वाढतं.

ही अंडी वाळली तरी मरत नाहीत. पाऊस पडला की त्यातली काहीच उबतात, बाकीची मागे राहतात. तळ्यांच्या गाळातली कित्येक दशकं जुनी अंडीही उबलेली आहेत. गाळ हे तळीचं बियाणं आहे, सगळा खरवडू नका! वरचा बोटभर थर आधी बाजूला काढा, सावलीत ठेवा, खोदाई झाली की परत पसरा.

मासेवाला_सांगली:
मॅडमशी सहमत. माशांच्या पिल्लांना खायला पिसवा मिळाव्यात म्हणून मी डबक्याचा वाळका गाळ बादलीत भिजवतो. बादली उजेडात हवी, आणि गाळाचा थर पातळ. खोल गाडलेली अंडी तशीच पडून राहतात. कडक उन्हाळ्यात ज्या बारीक, गोलसर पिसवा दिसतील त्या बहुतेक मोइना, पाणपिसवांचाच दुसरा प्रकार. डॅफ्नियापेक्षा त्यांना उष्णता जास्त सोसते.

भुदरगडकर:
जेसीबीवाल्याला आधीच सांगून ठेवतो. गावात काही जण म्हणतात, डासांसाठी तळीत गप्पी सोडा. सोडू का?

तळ्याकाठची:
कृपा करून नको. गप्पी पिसवाही खातात, आणि तळी आटली की स्वतः मरतात. ते घराजवळच्या हौदात सोडा. तुमच्या तळीत चतुराची पिल्लं आणि उताणे पोहणारे किडे असतील, ते डासांच्या अळ्या खातात. तेही पिसवा खातात, पण एकमेकांसोबत ते पूर्वीपासून नांदत आलेत.

जूनमध्ये पिसवा कमी दिसल्या तर घाबरू नका. गढूळ पाण्यात मातीचे कण पोटात जातात, शेवाळ कमी मिळतं. गणपतीच्या सुमारास पाणी निवळलं की बघा आणि इथे नक्की कळवा.