‘न्यायिक शिस्त’ की आणखी काही?

कानामात्रा: एका अनुवादात अडकलेय. लेख आहे न्यायाधीशांवर कारवाई कोणी, कशी करावी आणि ती करताना न्यायालयांचं स्वातंत्र्य कसं राखावं यावर. ‘ज्युडिशियल डिसिप्लिन’ला मी बिनधास्त ‘न्यायिक शिस्त’ लिहिलं. एका वकील मित्राला कच्चा मजकूर दाखवला, तर त्यानं त्या शब्दाभोवती लाल गोल काढून समासात दोनच शब्द लिहिले: ‘हे वेगळं.’ पुढे फोन उचलत नाहीये. काय वेगळं?

कज्जेदलाल: मित्र बरोबर आहे. कोर्टात ‘न्यायिक शिस्त’ म्हणजे मोठ्या पीठाचा, म्हणजे जास्त न्यायाधीशांनी एकत्र बसून दिलेला, निर्णय लहान पीठानं मानणं. आपल्याच तोलाच्या पीठाचा निर्णय पटला नाही, तर परस्पर उलटा निकाल न देता प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवणं. वाकडं वागणाऱ्या न्यायाधीशाचं काय करायचं, हा प्रश्न त्यात येतच नाही. तुम्हाला ‘शिस्तभंगाची कारवाई’ हवंय.

कानामात्रा: वा, सुटलं! आभार.

कज्जेदलाल: थांबा. ते जिल्हा न्यायाधीश आणि त्याखालच्यांना चालेल. अनुच्छेद २३५ प्रमाणे त्यांच्यावर उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं, खातेनिहाय चौकशी वगैरे सगळं होतं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना निलंबित करण्याची किंवा त्यांची वेतनवाढ रोखण्याची तरतूद घटनेत नाही. शाबीत गैरवर्तन किंवा अक्षमता असेल तर पदावरून दूर करा, नाहीतर काही नाही.

ऱ्हस्वदीर्घ: म्हणजे महाभियोग. सरळ तेच लिहा की.

कज्जेदलाल: नाही हो! घटनेत महाभियोग फक्त राष्ट्रपतींसाठी, अनुच्छेद ६१. न्यायमूर्तींसाठी १२४(४), तिथे ‘पदावरून दूर करणे’ आहे.

ऱ्हस्वदीर्घ: १९९३ पासून सगळी वर्तमानपत्रं महाभियोगच छापतायत. तीस वर्षं लोक वापरतायत तो शब्द चूक आणि घटनेतला बरोबर? भाषा अनुच्छेदांवर चालत नाही.

जुनं दप्तर: भाषेचं जाऊ द्या. ‘महा’ लावला की आरोप ऐकायच्या आधीच माणूस गुन्हेगार वाटायला लागतो. ‘दूर करणे’ थंड शब्द आहे, म्हणून बरा. आणि एक सांगतो, ‘नेमा’ला आमचे आजोबा ‘शिस्त’ म्हणायचे. गोफण हातात दिली की म्हणायचे, ‘आधी शिस्त धर, मग सोड.’

अवतरणचिन्ह: आजोबा फिरकी घेत असतील. शिस्त संस्कृत ‘शास्’वरून. शासन, शिष्य, शिस्त. उघड आहे.

जुनं दप्तर: उघड वाटतं तिथेच घसरायला होतं. शब्द फारसी आहे, तिथे अर्थ नेमच. जुन्या कोशातही ‘नेम’ हा अर्थ मिळेल. बंदूक ‘शिस्तीत’ धरायची, त्यावरून रांग, त्यावरून वळण.

अवतरणचिन्ह: प्रत्येक शब्द फारसीच्या गळ्यात बांधायचा छंद आहे तुम्हाला. मागे ‘बडतर्फ’चंही तेच केलंत.

जुनं दप्तर: ते तर आहेच! ‘बर-तरफ’, एका बाजूला सारलेला.

कानामात्रा: दोघांचं ऐकून मला भलतंच सुचलं. न्यायाधीशाला ‘शिस्त लावणं’ आणि न्यायाधीशावर ‘शिस्त धरणं’. लेखातली सगळी भीती हीच तर आहे. शिस्तीच्या नावाखाली सरकारनं नेम धरू नये.

कज्जेदलाल: म्हणूनच वाट अवघड ठेवलीय. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, मग तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश. न्यायमूर्ती रामस्वामींच्या वेळी, १९९३ मध्ये, समितीनं ठपका ठेवूनही ठराव पडला. बाजूनं १९६, विरोधात एकही नाही आणि २०५ तटस्थ, म्हणून एकूण सदस्यांचं बहुमत जमलं नाही.

अवतरणचिन्ह: हे बघा, हा खरा शब्द! तटस्थ म्हणजे तटावर उभा. न्यायाधीश तटस्थ असला की आपण वाहवा करतो आणि खासदार तटस्थ राहिले की न्यायाधीश सुटतो.

ऱ्हस्वदीर्घ: खासदारांना ‘काठावरचे’ म्हणा. न्यायाधीशाला ‘निःपक्ष’.

अवतरणचिन्ह: काठावर तर परीक्षेत पास होतात.

कज्जेदलाल: २०११ मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेत मंजूर झाला. लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. ‘राजीनामा’ही फारसी, दप्तरवाले खूश होतील. आणि संसदेपर्यंत न जाता न्यायाधीशांनीच न्यायाधीशाची चौकशी करायची, ती १९९९ ची ‘इन-हाऊस’ पद्धत. तिला कुठेतरी ‘गृहांतर्गत चौकशी’ छापलेलं वाचलं. मला वाटलं, न्यायमूर्तींच्या स्वयंपाकघरात पंचनामा चाललाय.

ऱ्हस्वदीर्घ: ‘अंतर्गत चौकशी’ पुरे. पण आपलीच माणसं आपलीच चौकशी करणार, याला मराठीत जुना शब्द आहे, ‘घरचं कार्य’.

कज्जेदलाल: आणि बाहेरच्यांच्या हाती दिली तर? उद्या निकाल आवडला नाही म्हणून बडतर्फी.

जुनं दप्तर: रामशास्त्र्यांना कोणी बडतर्फ केलं नव्हतं, ते आपणहून पुणे सोडून गेले.

अवतरणचिन्ह: आले रामशास्त्री. मराठीत न्यायावर पंधरा ओळी झाल्या की त्यांना यावंच लागतं.

कानामात्रा: मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. शीर्षकात ‘न्यायाधीशांवरील कारवाई’ लिहू का? बेतास बात आहे, पण लाल गोल तरी पडणार नाही.

जुनं दप्तर: ‘कारवाई’ हिंदी. मराठीत ‘कार्यवाही’.

कज्जेदलाल: अहो, कार्यवाही म्हणजे अंमलबजावणी, कारवाई म्हणजे बडगा! दोन वेगळे शब्द आहेत.

ऱ्हस्वदीर्घ: यावर स्वतंत्र धागा काढा. दप्तरवाले, एक विचारायचं राहिलं. गोफण गरगरा फिरवून सोडतात. तिला शिस्त धरायची कशी? आजोबांच्या हातात बेचकी होती का?