हळदणकरांची दिवेवाली: विरहिणी म्हणायची का?

गिरगावकर: सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं जलरंगचित्र. अंधारात एकटी उभी बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. माझ्या मते हे विरहाचंच चित्र. आशा नावातच आहे, आणि आशेवर तोच राहतो ज्याचं कुणी यायचं असतं.

माहीमकर: नाही पटत. नाव झाका आणि चित्र हातापासून वाचा. बोटांवर लाली आहे ना? कातडीतून उजेड आरपार येताना लालच टिकतो, निळा-हिरवा रक्त शोषून घेतं. अंधाऱ्या खोलीत निरांजनापुढे, चटका बसणार नाही इतक्या अंतरावर हात धरून बघा. बोटं जुळलेली असली की कडा लाल दिसतात. फाकवली की फटींतून पिवळा उजेड निसटतो आणि त्यापुढे लाली दिसेनाशी होते. म्हणजे हा आडोसा नीट धरलेला आहे. वाट बघून थकलेल्या बाईचा हात असा नसतो. ही दिवा जपते आहे.

अंधाराचंही तेच. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, राखावा लागतो. कोरा कागद हाच सगळ्यांत उजळ रंग. आधी फिकट पिवळा-नारिंगी, तो पूर्ण वाळल्यावर गडद थर. घाई केली की रंग गढुळतो, पुसायला गेलं की कागदाचे तंतू उठतात. भोवती इतका काळोख नसता तर बोटं पेटलीच नसती.

गिरगावकर: काळोख लागतो, मान्य. पण त्यात देवघर, चौकट, एखादी तुळस सहज मावली असती. ती गाळणं ही तंत्राची गरज नाही, निवड आहे.

लालबागकर: आधी प्रत कुठली बघताय ते सांगा. छपाईत पिवळा चढला की दिवाळी वाटते, काळा चढला की विरह! आणि कृपा करून कुणी याला रविवर्म्याचं म्हणू नका. ते १९०६ साली गेले, हे चित्र १९४० नंतरचं.

माहीमकर: निवड आहे, हे बरोबर. मग चेहऱ्याचीही निवड बघा. खालून आलेला उजेड नाकाची, भुवयांची सावली वर फेकतो आणि चेहरा भेसूर करतो. इथे तसं होत नाही. गाल-हनुवटीवरून उजेड हळूहळू विरत जातो. विरह दाखवायचा असता तर डोळ्यांखाली सावली ठेवणं सगळ्यांत सोपं होतं.

गिरगावकर: शांत चेहऱ्याने वाट बघता येत नाही का? हाताचं तुमचं पटलं. चेहऱ्यावर मी अजून विरहच वाचतो.