हरिश्चंद्रगडावरील मुक्कामासाठी किती विजेऱ्या न्याव्यात?

प्रश्न: पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर दोन रात्री मुक्कामाचा बेत आहे. घरात चार विजेऱ्या आहेत. त्यांतील कमीत कमी कोणत्या घ्याव्यात, म्हणजे ओझेही वाढणार नाही आणि ऐनवेळी अंधारातही बसावे लागणार नाही?

उत्तर १: दोन पुरेत. डोक्याला बांधायची एक हवीच, कारण तंबू ठोकताना किंवा भात शिजवताना दोन्ही हात मोकळे लागतात. चालण्यासाठी १०० ल्युमेन (विजेरीच्या एकूण प्रकाशाचे माप) पुष्कळ झाले. छोट्या विजेरीवर छापलेले हजाराचे आकडे बहुधा काही मिनिटेच टिकतात, मग ती तापते आणि प्रकाश आपोआप उतरतो.

उत्तर २: सहमत आहे, मात्र दुसरी हातातलीच असावी. धुक्यात कपाळावरचा झोत समोरच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. विजेरी गुडघ्याजवळ धरली की वाटेवरचे दगड सावल्यांसह उठून दिसतात. दोन्हींचे सेल एकाच आकाराचे असावेत. माझ्या जुन्या विजेरीत अल्कलाइन सेल पावसाळाभर पडून राहिले, पाझरले आणि स्प्रिंग हिरवी पडली. तेव्हापासून घरी येताच मी ते काढून ठेवतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मोठी विजेरी घरीच ठेवतो. तिचे वजन तांदळाला देता येईल.